मामाची अष्टपुत्री

पोरांनो, तुमची बॅग विमानात अडकली म्हणून काल फोनवर चिडलात, म्हणून सांगते. तुमच्या मावशीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, लग्नाला माझा भाऊ आला, पण त्याची बॅग आली नाही. तिच्यात मामाने भाचीला लग्नात नेसायला द्यायची पिवळी साडी, अष्टपुत्री होती. ऐनवेळी त्याने नाशकातून दुसरी घेतली. लग्नानंतर आम्ही विमानतळावर त्या दुसऱ्या साडीची भरपाई मागायला गेलो, तर काउंटरवरचा माणूस हसला, "काका, साडी तुम्ही नेसणार होता का? गरजेच्या वस्तूंचेच पैसे मिळतात." भावाने समोरच्या काचेवर ठोसा मारला, फुटक्या काचेतून हात घालून त्याची कॉलर ओढली. काचेवर आपटून त्या माणसाचा ओठ फाटला, भावाच्या मनगटातून रक्त उडालं, तरी तो ओरडतच होता, "मामाची साडी गरजेची नाही?" भरपाई मिळाली नाही. उशिरा आलेली अष्टपुत्री मात्र माझ्या कपाटात आहे, घडी न मोडलेली.