झाडीतली माती झाडीतच

"परभणीला? फिरायला?" नवऱ्याने असं विचारलं, जणू मी बॅग भरून शेजाऱ्यांच्या गच्चीवर निघाले होते. डिसेंबरात अख्खं पुणं कोकणात जाऊन एकमेकांच्या फोटोत घुसतं. मला ती जत्रा नको होती. मैत्रिणीचे काका, विश्वनाथअप्पा, गोदाकाठच्या एका गावात राहतात. गावाला लागून नदीवर अर्जुन-करंजांची राखीव झाडी आहे. ठरलं.

रात्रीच्या गाडीने परभणी, तिथून पॅसेंजरने गंगाखेड. स्टेशनबाहेर चहा-भजी हाणून घ्या, पुढे काही मिळत नाही. ऑटोवाला आधी तोंडाला येईल ते भाडं सांगतो. आपण चालू लागलो की माणसात येतो. रस्त्याबद्दल एवढंच सांगते, मी आधी पोचले आणि माझी कंबर नंतर आली.

अप्पांचं किराणा दुकान आहे. लिंगायत घर, गळ्यात इष्टलिंग, बोलणं कमी. काकूंनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही इतकं वाढलं की झाडीपर्यंत मी डुलतच गेले. तिथे पाटी: 'शांतता राखा'. पाटीशेजारी जेसीबी घरघरत होता.

"हे काय अप्पा?"

"पर्यटन व्हायलंय. पार्किंग, सेल्फी पॉइंट, रंगीत फरशी. लोक झाडं बघाया येणार म्हून झाडं काढायलेत."

मला हसू आवरेना. तशीच आत शिरले. खाली गार सावली, नदीवर खंड्या सूर मारत होता. काठाला एका जुन्या अर्जुनाखाली अप्पा थांबले. "हितं बाबा हायेत." आमच्याकडे जाळतात, त्यांच्याकडे पुरतात, हे मला तेव्हा आठवलं. पार्किंगची आखणी त्या झाडापर्यंत आलेली होती. चुन्याची पांढरी रेघ, बुंध्याला लागूनच.

बाहेर पडताना त्यांनी मला अडवलं. "बूट झटका." या गावची रीत अशी, की झाडीतलं काहीच बाहेर न्यायचं नाही. वाळकी काटकी नाही, पायाला लागलेली माती पण नाही. मी एका पायावर नाचत काडीने बुटाच्या तळाच्या खाचा कोरल्या.

संध्याकाळी जेसीबी झाडीतून निघाला. चालवणारा बालाजी, गावचाच. अप्पा सरळ आडवे उभे राहिले. "बाल्या, टायर झटक."

टायरांना काळी चिकण माती, घमेलंभर तरी. बालाजी निमूट खाली उतरला आणि सळईने कोरायला बसला. पार्किंगचा ठेकेदार कडक इस्त्रीत थयथयाट करायला लागला. "येडा झालास का रे? चल!"

"न्हाई जमत सायेब. आई घरात घ्यायची न्हाई."

तेवढ्यात आतून मातीने भरलेला टिप्पर आला. तो चालवणारा पण गावचाच निघाला. त्याने भरलेली माती मुकाट्याने आत परत ओतली. मी तर पोट धरून हसत होते. ठेकेदार माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी शिकलेल्या, समजवा की! तुमच्यासारख्यांसाठीच चाललंय ना सगळं!"

माझं हसू तिथेच विझलं. माणूस आगाऊ होता, पण खोटं बोलत नव्हता. फोटो टाकून "जरूर भेट द्या" लिहिणारी बया मीच की.

पुण्यात येऊन आठवडा झाला आणि अप्पांचा फोन आला. ठेकेदाराने बाहेरगावचा डायवर आणला. त्याला कसली रीत नि कसलं काय. नदीकडची रांग गेली. मला त्या ठेकेदाराचा इतका राग आला की शिव्याच सुचेनात.

"आणि तो अर्जुन?"

"पडला. बाबा उनात हायेत आता."

मी रडत होते. तेच समजूत घालायला लागले, "बाकीची झाडी हाय की अजून. तुमी लय चांगलं लिवता म्हणं. लिवा. पर गावाचं नाव घालू नका."

तर मंडळी, लोकेशन विचारू नका. देणार नाही.