ताईचं भाषण आणि माझी हाय क्वालिटी

आमच्या घरात कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची पद्धत. शाळेचा सदरा गुडघ्यापर्यंत लोंबला तरी आई म्हणायची, होईल बरोबर. त्याच संस्कारात मी व्हिडिओ काढतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जे सगळ्यात मोठं असेल ते निवडायचं. फोर-के दिसलं की फोर-के, सेकंदाला साठ फ्रेम दिसल्या की साठ. यवतमाळच्या एका शाळेत मी पोरांना कॉम्प्युटर शिकवतो, तरी या साठ फ्रेमचं पुढे काय होतं याचा मी कधी विचार केला नव्हता. घरात मीच एकटा जाणकार असल्यामुळे विचारणारंही कोणी नव्हतं.

माझ्या मोठ्या बहिणीनं राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आयुष्यभर अंगणवाडी चालवली. निवृत्ती जवळ आली असताना तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. काही दिवसांनी ताईचा फोन आला.

"तुह्या त्या महागाच्या मोबाइलचा काही उपयोग आहे का नाही? निरोपाच्या कार्यक्रमात मले बोलाचं आहे. तवा आवाज राहणार नाही, तं आताच बोलून ठेवते."

मी गेलो. ताई इस्त्रीची साडी नेसून, भिंतीला पाठ लावून खुर्चीत ताठ बसली आणि तिनं पाठ केलेलं भाषण म्हटलं, अगदी पुस्तकी मराठीत. नंतर मला बजावलं, "हे कार्यक्रमाच्या आधी कोणाले दाखवू नको. मलेही नाही."

ऑपरेशन नीट झालं. आता ती गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेते, त्यावर पदर ओढून घेते, आणि खुणांनी किंवा पाटीवर लिहून बोलते. म्हणजे त्या भाषणात तिचा आवाज होता आणि तो माझ्या हाती होता.

मी त्याची जी तयारी केली ती सांगायलाही लाज वाटते. सुरुवातीला सोनेरी अक्षरांत तिचं नाव. त्यावर झेंडूची फुलं पडतात. मागे सनई. फाइल तयार करताना जिथे जिथे 'बेस्ट' लिहिलं होतं तिथे तिथे टिचकी मारली. फाइल एवढी फुगली की घरातल्या पेनड्राइव्हमध्ये मावेना. हे मी बायकोला अभिमानानं सांगितलं. नवा पेनड्राइव्ह आणला, ताईनं बजावलं होतं म्हणून आवाज बंद करून व्हिडिओ घरच्या नव्या टीव्हीवर लावून पाहिला. झकास चालला. झालं, तपासणी संपली.

कार्यक्रम दुपारी, ग्रामपंचायतीच्या सभागृहात. खिडक्यांना सोयाबीनच्या ढिगावरच्या ताडपत्र्या लावून अंधार केला होता. प्रोजेक्टर शाळेचा, लॅपटॉप ग्रामपंचायतीचा. तो लॅपटॉप सुरू होतानाच कण्हत होता. मी तिकडे दुर्लक्ष करून पेनड्राइव्ह खोचला आणि छाती काढून उभा राहिलो.

फुलं अडखळत पडली. मग ताई पडद्यावर आली. "माझ्या आयुष्यातील..." म्हणाली आणि थांबली. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. "बाईले भरून आलं वो," ती शेजारणीला म्हणाली. ताई दोन शब्द पुढे सरकली, पुन्हा थांबली. आता चार-पाच जणी मुसमुसायला लागल्या. तिसऱ्यांदा थांबली ती शिंक येण्याच्या बेतात असल्यासारखी. तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, "भरून गिरून काही नाही आलं. हे अटकलं."

मग सल्ल्यांचा पाऊस. "नेट स्लो असंन." मी म्हटलं, याचा नेटशी काही संबंध नाही. तरी एकानं हॉटस्पॉट चालू करून दिलाच. सरपंचांना व्होल्टेजची शंका आली, म्हणून पंखे बंद केले. घामाच्या धारांत मी फाइल लॅपटॉपमध्ये उतरवली. ती उतरतानाची हिरवी पट्टी अख्ख्या गावानं पडद्यावर पाहिली. पुन्हा लावली, पुन्हा अडकली.

शेवटी प्रोजेक्टरच्या अंगावर चिकटवलेली माहितीची पट्टी वाचली आणि डोक्यात प्रकाश पडला. माझ्या चित्रातले बहुतेक ठिपके त्या प्रोजेक्टरला दाखवताच येत नव्हते. बिचारा लॅपटॉप दर सेकंदाला साठ अवाढव्य चित्रं उलगडायचा प्रयत्न करत होता, आणि उलगडून लहानच करणार होता. वाढत्या अंगाचा सदरा मी भलत्यालाच घातला होता.

ताई पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या अडकलेल्या चेहऱ्याकडे पाहत होती. इतके महिने ती स्वतःचा आवाज ऐकायला थांबली होती आणि मी तो तुकडे करून वाढला होता. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सरपंचांनी माइकवर जाहीर केलं, "आधी जेवण, मंग भाषण." लोक खूश झाले. मूळ व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये होता. फुलं, सनई, सगळं सोडून दिलं. आकार लहान, फ्रेम निम्म्या, जुन्या लॅपटॉपलाही उघडता येईल असा साधा फॉरमॅट. बाहेर वांग्याच्या भाजीच्या बादल्या फिरत होत्या आणि मी मोबाइलवर सरकणारी रेघ पाहत बसलो होतो. ताई येऊन शेजारी बसली. रेघ पूर्ण झाली तसं तिनंच मला कोपरानं ढोसलं.

आवाज बंद करून थोडं चालवून पाहिलं. मग देवाचं नाव घेऊन लावलं. कुठेही अडकलं नाही. "आता पाह्य कसं साफ दिसून राह्यलं," मघाचा म्हातारा म्हणाला. क्वालिटी निम्म्याहून कमी झाल्याचं मी त्याला सांगितलं नाही.

ताई स्वतःचं भाषण ऐकत होती, वर्गातल्या पोराची कविता तपासावी तशी. 'धन्यवाद' आलं. टाळ्या झाल्या. मी बंद करायला हात पुढे केला, पण व्हिडिओ संपलाच नव्हता. घाईत शेवट कापायचा राहून गेला होता. पडद्यावरच्या ताईनं चष्मा काढला, पाठ सैल सोडली आणि माझ्यावर ओरडली:

"झालं नं रे? मंग बंद कर नं ते. ताटातल्या पोया थंड्या होऊन राह्यल्या. ऊठ, जेऊन घे आधी."

सभागृह खो-खो हसलं आणि मग पुढच्या रांगेतल्या त्या बाईनं पुन्हा पदर डोळ्यांना लावला. भाषण छान होतं, पण गावाला माहीत असलेली बाई बोलली ती आत्ता. ताईचा हात गळ्यावरच्या पदराशी गेला होता. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मग माझ्याकडे पाहून तिनं बोट गोल फिरवलं. पुन्हा लाव.

मी सुरुवातीपासून लावायला गेलो तर मान हलवून नाही म्हणाली. फक्त शेवटचं.

आता तेवढाच तुकडा तिच्या मोबाइलमध्ये आहे. मी तिच्याकडे गेलो आणि लॅपटॉप उघडून बसलो की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "ऊठ, जेऊन घे आधी." मी लॅपटॉप मिटतो आणि ताटावर जाऊन बसतो.