सात हजार पेशींची जाऊ

बिडकीनच्या अलीकडं आमची वस्ती. तिथं विताना मेंढी अडली की तीस वर्षं एकच नाव निघायचं: कडूबाई, माझी थोरली चुलती. कोकराचा मुडपलेला पाय ती आतल्या आत असा सरळ करायची, की मेंढीला कळायचंसुद्धा नाही. जिच्या हातून मेंढी सुटेल, पहिला चीक तिच्या घरी, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं खरवस आम्ही कायम चुलतीकडंच खाल्ला.

मग तिला जुनाट हिपॅटायटिस बी निघाला. मीच तिला शहरात घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर खराब होऊन प्लीहा फुगलीय. ती रक्तातल्या पांढऱ्या पेशी अडवून ठेवते. किमान चार हजार हव्यात, यांच्या दोनच हजार उरल्यात. जंतू शिरला तर लढणार कोण? अडलेल्या मेंढीला हात लावायचा नाही."

हा आजार घरात पसरतो म्हणून पुढच्या खेपेला घरच्या सगळ्यांचंच रक्त तपासलं. भागूबाई, म्हणजे माझी आई, ठणठणीत निघाली. पांढऱ्या पेशी सात हजार.

"सात?" चुलती परतीच्या बसमध्ये म्हणाली. "एकाच हिरीचं पाणी पिऊन तिला सात?"

तेव्हापासून वस्ती आईला बोलवू लागली. चीकही आमच्याकडं येऊ लागला. आई वाटी भरून पाठवायची आणि चुलती ती कुत्र्यापुढं ओतायची. माझं डोकं फिरायचं, पण आजारी माणसाला काय बोलणार?

गेल्या महिन्यात चुलतीचीच लाडकी काळी मेंढी अडली. आई कोपरापर्यंत हात धुऊन बसली. चुलती लांब बाजेवर, तोंडाला मास्क. आईच्या हाताला डोकं लागत होतं, पण कोकरू सरकेना. काय अडलंय ते चुलतीनं केव्हाच ओळखलं होतं. तिची नजरच सांगत होती. तरी ती तोंडातून चकार शब्द काढेना.

कोकरू मेलेलंच बाहेर आलं. पाय मुडपला होता.

"बघितलं?" चुलती म्हणाली. "नुसत्या सात हजारांनी काय व्हतंय?"

आई हात धूत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"हात लावायला पेशी लागत असतील, आक्का. बोलायला कुठं लागत्यात?"

काळी मेंढी मेलेलं कोकरू चाटत होती. चुलतीनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.