जळक्या साखरेची खिरापत

खिरापत ओळखण्यात गावात मी पहिली, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यात मी एक जिवंत माणूस पकडून दिला. तेव्हा मी परकरात होते. नाक तिखट होतं. अक्कल शोधायला गुडघ्यापर्यंत गेलं असतं तरी सापडली नसती.

वडनेरच्या शिवारात कापसातून सरकी काढायचं जिन होतं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांतासोबत चालायचा, पण आम्हा पोरींचं सरकार म्हणजे जिनाच्या बंगल्यातला गोरा साहेब. विलायतेहून नवा आला तेव्हा उन्हानं त्याचं नाक सोललं होतं. सगळ्यांना हात जोडायचा, माझ्या आईला ‘बाई’ म्हणायचा. तापानं फणफणला तेव्हा त्याच्या मुसलमान खानसाम्यानं पेज भरवून त्याला जगवलं.

दुसऱ्या पावसाळ्यात जिन बंद, बोलायला कोणी नाही. बंगल्याच्या खिडक्या दिवसासुद्धा लावलेल्या. आधी साहेबानं स्वतःचं कुत्रं मारलं, भुंकतं म्हणून. मग गड्यांवर छडी चालू लागली. मारलं की दुसऱ्या दिवशी जास्तच गोड बोलायचा. मी रतिबाचं दूध घेऊन गेले की विचारायचा, “पोरी, मी बरा मानूस हाय ना?” मी मान डोलवायची. बिस्कीट मिळायचं. एका बिस्किटात मी त्याला साधू ठरवायची!

एके दिवशी चहा गार लागला म्हणून त्यानं खानसाम्याचा हात तापल्या तव्यावर दाबून धरला. खानसामा पळाला. साहेबानं चांदीचे चमचे चोरल्याचा आळ घेतला, शिपाई गावात फिरू लागले. तो सापडला तर त्याचं काय होईल, हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. हाच खानसामा मला साहेबाच्या अंड्याच्या पुडिंगसाठी साखर जाळलेलं भांडं खरवडायला द्यायचा.

तेवढ्यात भुलाबाई बसल्या. संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणायची आणि झाकलेली खिरापत ओळखायची. ओळखा, नाहीतर हरलो म्हणा, मगच झाकण उघडणार. गावकुसाजवळच्या कोष्टीण बुढीकडे दरसाल फुटाणेच. त्या वर्षी मात्र ती डबा मांडीवर घेऊन गालात हसत बसली.

“सांगा पोरीहो, काय हाय?”

“फुटाणे!”

“नाही.”

“मुरमुरे! राजगिरा! आजी, काऊन छळून राह्यली वं?”

“हरलो म्हना.”

हरलो. आत खरवसासारखं थरथरणारं, वरून तांबूस काहीतरी. जायफळाचा आणि जळक्या साखरेचा वास. आम्ही बोटं चाटली.

“हे कोनं केलं आजी?”

“मीच. काऊन, मले हात नाहीत?”

तिच्या मागच्या खोलीला त्या दिवशी कडी होती.

सकाळी साहेब व्हरांड्यात बसला होता, दाढी वाढलेली, बिस्किटांचा डबा हातात. भुलाबाई बसल्यापासून रोज विचारायचा तसंच त्यानं विचारलं, “काल खिरापतीले काय होतं?”

मला काही कळलंच नव्हतं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. थोडं कळलं होतं. पण आदल्या दिवशी हरल्याची चरफड मोठी, आणि उत्तर आता माझ्या जिभेवर होतं.

“तुमच्या बंगल्यावरचंच होतं साहेब! जळक्या साखरेचं!”

“कोनाच्या घरी?” तो फार हळू बोलला.

मी सांगितलं. त्यानं अख्खा डबा माझ्या ओच्यात ठेवला, डोक्यावरून हात फिरवला. हात थंडगार होता. मग शीळ घालत बुटांच्या नाड्या बांधू लागला.

दुपारी बुढीचा माग अंगणात मोडून पडला होता. तिच्या दारातच, सगळ्यांदेखत, साहेबानं माझ्या नाकाची तारीफ केली. शिपायांनी खानसाम्याला दोरी लावून नेलं. पुन्हा तो कोणाला दिसला नाही. त्याच्या हातचं खाल्लं म्हणून घरच्यांनी मला गोमूत्र पाजलं; नाव सांगितलं म्हणून कोणी काही पाजलं नाही.

नेताना विहिरीपाशी तो माझ्यासमोर थांबला होता. फडकं बांधलेला हात छातीशी धरलेला. मला वाटलं, थुंकेल. पण त्याला खरंच कोडं पडलं होतं.

“बेटी, तुमी पोरी खानार म्हनून अंडं नव्हतं टाकलं मी. मग तुले वास कायचा आला?”