ओल्या पोत्याचा वास

आमच्या वाइन चाखण्याच्या जेवणांत एक नियम आपोआप पडला होता. पेला हातात आला की आधी माझी वाइनरीतली मैत्रीण बोलणार, मग बाकीचे. ती तिकडे अठरा वर्षं गुणवत्ता तपासते. बाटल्या धुण्याच्या विभागावर देखरेख करण्यापासून तिने सुरुवात केली आणि नाकाच्या जोरावर वर चढली. त्यामुळे तिच्या आधी तोंड उघडायला कोणी धजावत नसे. ती ‘लिंबाची साल’ म्हणाली की आम्हालाही लिंबाची साल सापडायची. ‘भाजलेले बदाम’ म्हणाली की बदाम.

आम्ही तिघी एकाच कॉलेजातल्या. दुसरी शाळेत शिकवते आणि इंदिरानगरला राहते. तिचं टेबल मोठं, म्हणून जेवण नेहमी तिच्याकडे. तिसरी मी. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा मसाल्याचा लहानसा कारखाना आहे. चौथे म्हणजे शिक्षिकेचे यजमान, आमचे भावोजी. द्राक्षबागायतदारांच्या घरात वाढलेले, स्वतः मात्र बँकेत.

त्या मार्चमध्ये त्यांची मुलगी सुट्टीवर आली. ती फ्रान्समध्ये शिकते. येताना स्वेटरांत गुंडाळून तिने तीन बाटल्या आणल्या, एक पांढरी आणि दोन लाल. एरवी आम्ही आपल्याकडचीच वाइन पितो, त्यामुळे जरा समारंभ झाला. वाइनरीवालीने दोन दिवस आधीच लेबलांचे फोटो मागवून घेतले. तयारीने येते आहे, असं मला वाटलं.

सात वाजता आम्ही चौघं बसलो; मुलगी तिच्या मैत्रिणींकडे गेली होती. भावोजींनी एक बाटली उचलून चष्म्याखालून वाचली. “बोर्दो! अहो, आमच्याकडे बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पंपात भरून वेलींवर मारतात. मोरचूद आणि चुना. हे प्यायला कोणी सांगितलं?”

“तुम्ही नका पिऊ,” त्यांची बायको आतून ओरडली. ती काळ्या रश्श्यासाठी कांदा-खोबरं भाजत होती. वाटण अगदी काळपट होईपर्यंत भाजायची तिची पद्धत, आणि त्याचा वास दारापर्यंत आला होता.

आता वाटतं, तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एरवी वाइनरीवाली आल्या आल्या फर्मान काढायची : उदबत्ती विझवा, गजरे बाहेर ठेवा, चाखणं होईपर्यंत फोडणी नाही. एकदा तिने मला हात दोनदा धुवायला लावले होते, मिरचीचा वास येतो म्हणून. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. खुर्ची ओढून बसली.

पांढरी वाइन चांगली होती. ती म्हणाली, हिरवं सफरचंद. आम्ही म्हणालो, हो, सफरचंद.

मग पहिली लाल. तिने पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. “चेरी. मागे थोडं चामडं. मस्त आहे.”

“मस्त,” भावोजी म्हणाले.

मी वास घेतला आणि पेला खाली ठेवला. वीस वर्षं मी मिरचीची पोती घेते. पोतं उघडलं की आधी हात आत घालायचा आणि मूठ नाकाशी न्यायची. माल कितीही लालभडक असो, तळाला ओल लागलेली असेल तर पोतं परत. तो वास मी झोपेतही ओळखेन. पेल्यात तोच होता.

“याला ओल्या पोत्याचा वास येतोय,” मी म्हटलं.

सगळे हसले. “फ्रान्सची आहे ती, मालेगावच्या बाजारातली मिरची नाही,” शिक्षिका म्हणाली.

वाइनरीवालीही हसली, पण किंचित उशिरा. “मसालेवाल्यांनी वाइनमध्ये पडू नये. तुझं नाक तिखटाने केव्हाच जळलंय, बाई.”

मला राग आला नाही, पण मी विचारात पडले. बूच खराब असलं की वाइनला बुरशीचा वास लागतो, हे तिनेच आम्हाला कितीदा सांगितलं होतं. अशी बाटली तिने एकदा लांबूनच ओळखून मोरीत ओतली होती. आज तीच बाई तसलीच वाइन पीत ‘चामडं’ म्हणत होती.

शिक्षिकेने गॅस बारीक केला आणि भाकरीचं पीठ आणायला खाली दुकानात गेली. घरातलं कमी पडत होतं. वाइनरीवाली पाणी आणते म्हणून आत गेली. पाच-सात मिनिटं झाली. हॉलमध्ये करपल्याचा वास यायला लागला.

“मॅडम आहेत की तिथे,” भावोजी म्हणाले, आणि बाटलीचं लेबल वाचत बसले.

मी उठून गेले. ती ओट्याला टेकून उभी होती. वीतभर अंतरावर रस्सा तळाला लागत होता, धूर सुटला होता. तिची त्याकडे पाठ होती. हातात मोबाइल, आणि त्यावर तिसऱ्या बाटलीचा फोटो आणि खाली इंग्रजीत वर्णन.

मी गॅस बंद केला. ती दचकली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“वास येत नाहीये, ते.”

तिने मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. मग म्हणाली, “दिवाळीनंतर ताप आला होता ना. ताप गेला, वास परत आला नाही.”

“म्हणजे चार महिने. आणि कामाचं?”

“जिभेवर आंबट-तुरट कळतं. रंग दिसतो. माझ्या हाताखालची मुलगी आधी वास घेते, तिच्या चेहऱ्यावरून अंदाज येतो.”

“तिला सर्दी झाली तर?”

“चेष्टा करू नकोस.” तिचा आवाज चढला. “सोमवारी टाक्यांचा निकाल आहे. यंदाच्या वाइनच्या अकरा टाक्या. कुठल्या एकत्र करायच्या, कुठली बाजूला काढायची, ते मी सांगते. मी. मला वास येत नाही म्हटल्यावर ते मला ठेवतील कशाला?”

“आणि आजच्या बाटलीसारखी एखादी खराब टाकी तू चांगल्यात ओतलीस तर?”

“तू कोणाला सांगू नकोस.”

“मी नाही सांगणार. तू सांग.”

“तुझं काय जातंय सांगायला!”

खरं होतं. माझं काही जात नव्हतं. मी वरचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात काढला, तळ खरवडला जाणार नाही हे बघितलं, आणि आम्ही बाहेर आलो.

शिक्षिका पीठ घेऊन आली होती आणि नवऱ्याला बोलत होती, “घर जळलं तरी तुम्ही लेबलच वाचाल.” मग तिसरी बाटली उघडली. चार पेले भरले. भावोजी वाइनरीवालीकडे वळले, “बोला मॅडम, आम्ही थांबलोय.”

तिने पेला फिरवला. नाकापर्यंत नेला. मला वाटलं, आता मोबाइलवरचं वर्णन येणार, आणि आलं असतं तर मी गप्पच बसले असते. तिने पेला खाली ठेवला.

“आज तुम्ही आधी बोला.”

“मी? मला काय कळतंय,” भावोजी म्हणाले. पण मग त्यांनी खरोखर वास घेतला. “वेलीची छाटणी झाली की पाला वाळतो ना बागेत, तसं काहीतरी.” बायको म्हणाली, तिला काळे मनुके वाटतात. दोघं त्यावरून भांडले. इतक्या वर्षांत आमच्या टेबलावर पहिल्यांदाच दोन मतं झाली होती. वाइनरीवाली ऐकत होती आणि जेवत नव्हती.

सोमवारी सकाळी कामावर गेल्या गेल्या तिने वरिष्ठांना सांगितलं. चाखण्याचं काम तिच्या हाताखालच्या मुलीकडे गेलं. हिला काढलं नाही, पण बागांवर पाठवलं. द्राक्षांतली साखर मोजायची, तोडणी कधी करायची ते शेतकऱ्यांशी ठरवायचं. केबिन गेली. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणार नाही. दोन महिने तिने माझा फोन घेतला नाही. शिक्षिका म्हणाली, जाऊन समजूत काढ. मी गेले नाही. समजूत काढण्यासारखं मी काही चुकीचं बोलले नव्हते.

परवा तिनेच फोन केला. म्हणाली, “काळ्या मिरीचा वास येतोय असं वाटतं. पण येतोय की आठवतोय, ते कळत नाही.”

“डोळे मिट आणि कोणाला तरी चार डब्या नाकाशी धरायला सांग,” मी म्हटलं.

“सांगितलं. तीनदा चुकले. एकदा बरोबर आलं.”

“चारातून एक नुसत्या अंदाजानेही बरोबर येतं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “उद्या परत करणार आहे.”