मंजुळाबाईंची खिडकी

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात धाड गावच्या मंजुळाबाईंनी ठरवलं, स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीत खिडकी पाडायचीच. चुलीच्या धुरानं सासूबाईंचे डोळे सदा गळत. पुढ्यातलं ताटही त्यांना धड दिसत नसे.

"घराची कामं उन्हाळ्यात करतात वं," सासूबाई कुरकुरल्या. "भित पडली म्हंजे?"

"उन्हाळ्यात चिखल चटकन सुकते अन् तडकते, आत्याबाई. थंडीत हळू सुकते, मंग घट्ट धरते."

पेरणीच्या मोडक्या तिफणीचं बाभळीचं लाकूड त्यांनी आधी भिंतीत आडवं बसवलं, मग त्याखालची माती पहारीनं हळूहळू कोरली. नवरा कडूबा भिंतीला पाठ लावून उभा, जणू घराचा खांब तोच! शेवटचं ढेकूळ पडलं आणि उन्हाचा पट्टा थेट चुलीवर आला. भिंत जागची हलली नाही. कुजवलेल्या शेणमातीनं मंजुळाबाईंनी कडा लिंपल्या.

दुसऱ्या सकाळी धूर मुकाट बाहेर निघाला. सासूबाईंनी ताट जवळ ओढलं, भाकरीचा जळका काळा काठ निरखला.

"भाकर जयली वं, मंजुळे!"

मंजुळाबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात धावल्या.

"आयकलं का वं बायांनो? आमच्या आत्याबाईले जयलेली भाकर दिसली!"