साडेदहाला येणाऱ्या मामी

गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरेल असा दुकानदार व्हिक्टोरिया राज्याच्या सबंध किनाऱ्यावर नसेल. मेलबर्नपासून अडीच तासांवर, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या एका लहानशा गावात त्यांचा मिल्क बार आहे. दूध, ब्रेड, पेपर, आइस्क्रीम, पोस्टाची तिकिटं आणि मासे पकडायचं आमिष, सगळं एका छपराखाली. मामा मूळचे पुण्याचे, पंपांच्या कारखान्यातले इंजिनियर. पन्नाशीत नोकरी सोडून त्यांनी हे दुकान घेतलं आणि कारखान्यातली शिस्त जशीच्या तशी इथे आणली. खोकणाऱ्या माणसाला ते आइस्क्रीम देत नसत. एका दिवसात दुसऱ्यांदा चिप्स घ्यायला आलेल्याला "सकाळचे पचले का?" असं इंग्रजीतून, पण अगदी पुणेरी स्वरात विचारत. स्वतः कट्टर शाकाहारी असल्यामुळे आमिषाचा पुडा ते निळा रबरी हातमोजा घालून, तोंड दुसरीकडे करून देत. बारा वर्षं समुद्राच्या काठी राहून त्यांनी एकदाही पाय भिजवला नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लांबून दिसतो तेवढा पुरे, जावईबापू. तळ दिसत नाही अशा पाण्यात इंजिनियरने जाऊ नये."

असं असूनही दुकान चाललं ते मामींमुळे. मामी वर्ध्याच्या. त्यांचं इंग्रजी वऱ्हाडी चालीचं, आणि मराठी तर काय, वर्ध्याहून निघाली तशी तीस वर्षांत कुठे न थांबता इथे आलेली. मामा ज्याला परत पाठवत त्याला मामी दारातून पुन्हा आत बोलवत. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाचं कुत्रं, सगळ्यांची चौकशी त्यांच्याकडे. पेपर घ्यायला रोज येणारी एक पांढऱ्या केसांची विधवा बाई होती. मामा-मामी तिला आपसात आत्याबाई म्हणत. ती तर पेपर काखेत मारून तासभर मामींशी बोलत उभी राही.

आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मामी वर्ध्याला गेल्या आणि महिन्याभरात कोरोनामुळे इकडच्या सीमा बंद झाल्या. मामांनी मग एक उपाय काढला. काउंटरवरच्या गोळ्यांच्या बरणीला टेकवून ते फोन उभा करू लागले. इकडच्या सकाळी साडेदहाला वर्ध्यात पहाटेचे सहा. मामी चहाचा कप घेऊन व्हिडिओवर येत आणि दुकान बंद होईपर्यंत तिथून कारभार पाहत. फोनचं तोंड मामांकडे असे, त्यामुळे गिऱ्हाइकांना मामी दिसत नसत, फक्त ऐकू येत. लोकांना त्याची इतकी सवय झाली की गप्पा मारायच्या असतील तर साडेदहानंतरच यायचं, हे गावात ठरूनच गेलं.

मी मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागातल्या एका कंपनीत फ्रीजर दुरुस्तीचं काम करतो. त्या हिवाळ्यात मेलबर्नच्या माणसाला शहराबाहेर पडायची बंदी होती, पण दुकानांचे फ्रीजर बिघडले तर मला परमिट मिळे. मामांचा आमिषाचा फ्रीजर बंद पडला तेव्हा मी गेलो. पोलिसांनी दोनदा कागद पाहिले. गावात शिरलो तर रस्त्यावर एक माणूस नाही. बहुतेक घरं शहरातल्या लोकांची, सुट्टीपुरती वापरायची. सगळ्यांचे पडदे ओढलेले. बागेतला झोका वाऱ्याने हलत होता, आणि फुटपाथवर ओळीने बसलेले सीगल गाडी आली तरी उठले नाहीत, नुसते बघत राहिले. त्या शुकशुकाटात दुरूनच एका बाईचा आवाज ऐकू आला. "पाव मागच्या फळीवर ठेवा जी." आवाज स्पष्ट, ठणठणीत, मामींचा. मामी दहा हजार किलोमीटरवर आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी क्षणभर मी गाडीतच बसून राहिलो.

पुढच्या एप्रिलमध्ये वर्ध्यात दुसरी लाट आली. भारतातून येणारी विमानंही इकडे बंद झाली. एका रविवारी बायकोला तिकडून फोन आला की मामींना ऑक्सिजनवर ठेवलंय, बोलता येत नाही, त्यांचा फोन नर्सच्या कपाटात आहे. आम्ही मामांना फोन केला. ते म्हणाले, "कळलंय मला. दुकानात गर्दी आहे, ठेवतो." इकडच्या मे महिन्यातल्या थंडीत त्या गावात कसली गर्दी? बुधवारी मी रजा टाकली आणि निघालो.

दुपारी पोचलो. समुद्रावरून धुकं आलेलं, पलीकडची टपालपेटीसुद्धा दिसत नव्हती. त्या धुक्यातून आत्याबाई पेपर घेऊन येत होत्या. मला पाहून थांबल्या.

"तुझी आंटी या आठवड्यात अगदी मजेत आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच मला ओरडली. म्हणाली, गुडघ्याला तेल लावत नाहीस."

"आत्ता?"

"आत्ताच. का रे, बरं नाही का तुला? रंग उतरलाय तुझा."

दुकानाचं दार उघडंच होतं. आत शिरलो आणि ब्रेडच्या मांडणीआड थांबलो, कारण मामींचा आवाज येत होता.

"जेवले काऊन नाही जी तुम्ही?"

"जेवलो," मामा म्हणाले.

"काय जेवले?"

"टोस्ट."

"खोटं बोलून राह्यले. ब्रेडचा पुडा काल होता तेवढाच हाये."

मी मांडणीच्या कडेने पाहिलं. मामा काउंटरमागे उभे होते. इतरांनी मास्क काढले तरी त्यांनी तो काढला नव्हता. बरणीला टेकलेला फोन मला इथून दिसत होता. पडदा काळा होता. मामांच्या तोंडावरचा मास्क आत ओढला गेला, बाहेर फुगला, आणि मामींचा आवाज म्हणाला, "नाक्यावरच्या म्हाताऱ्याचं दूध वेगळं काढून ठेवा." तोच हेल, वाक्याच्या शेवटी वर चढणारा.

मग मामा स्वतःच्या आवाजात म्हणाले, "तू येणार आहेस ना?"

दुकानात फ्रीजरची घरघर तेवढी होती. मामा फोनकडे बघत उभे होते. मी उत्तराची वाट पाहत होतो, आणि त्या क्षणी मला सांगून पटलं नसतं की उत्तर येणं शक्य नाही. मामांनी काउंटर पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मग बऱ्याच वेळाने तो आवाज बारीक होऊन म्हणाला, "दुधाच्या तारखा पाहून घ्या आधी."

मी मागे सरकून दाराबाहेर गेलो, पाय वाजवले आणि पुन्हा आत आलो.

"फ्रीजर ठीक आहे, जावईबापू," मामा म्हणाले. "उगाच आलात." पण त्यांनी चहा टाकला, आणि कप माझ्यासमोर ठेवताना मी ऐकलंय हे त्यांच्या लक्षात आलं. ते स्टुलावर बसले. मास्क काढला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले.

"लोक रोज विचारतात हो तिला," ते म्हणाले. "सोमवारी आत्याबाईंनी विचारलं. म्हटलं, सांगून टाकावं. तोंड उघडलं, तर तिचाच आवाज आला. मला ठाऊकही नव्हतं, मला तो येतो म्हणून."

मी चार दिवस तिथे राहिलो. मामांना खिचडी करून घातली, समोर बसून खायला लावली. त्या चार दिवसांत आवाज आला नाही. मामी दवाखान्यात आहेत, हे गिऱ्हाइकांना मीच सांगितलं. आत्याबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "नो, डार्लिंग, मी तिच्याशी बोलले आहे," आणि पेपर न घेताच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूप आणून दिलं, पण माझ्या तोंडाकडे त्या जरा बिचकूनच बघत होत्या.

मामी वाचल्या. दोन महिन्यांनी त्यांच्या आई गेल्या, आणि दिवाळीनंतर विमानं सुरू झाल्यावर मामी परत आल्या. मी त्यांना विमानतळावरून घेऊन आलो. दारात उभ्या असलेल्या मामांनी मामींकडे पाहिलं, बॅग उचलली आणि म्हणाले, "उशीर झाला." आत जाऊन ते बराच वेळ आमिषाच्या फ्रीजरमध्ये डोकं घालून काहीतरी आवरत होते.

मामींचा आवाज मात्र गेलाय. घशात नळी घातली होती, तेव्हापासून तो खरखरीत, पुसट झालाय. दोन वाक्यांनंतर त्यांना थांबून श्वास घ्यावा लागतो. आत्याबाईंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "बाई चांगली आहे. पण फोनवर होती ती वेगळी."

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे गेलो होतो. गाव माणसांनी भरलेलं. दुपारी मामी आणि मी दुकानामागच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी शाल नीट केली आणि हळूच विचारलं, "मी नव्हते तेव्हा, जावईबापू, मी काय बोलले?"

आत्याबाईंनी सांगितलं असणार. मी तेलाचं सांगितलं, ब्रेडच्या पुड्याचं सांगितलं. त्या हसल्या, मग खोकल्या.

"आणखी?"

"मामांनी तुम्हाला विचारलं, तू येणार आहेस ना. तुम्ही हो-नाही काहीच बोलला नाहीत."

मामींनी समुद्राकडे पाहिलं.

"काय बोलणार होते जी," त्या म्हणाल्या. "मलेच कुठं माहीत होतं."